लाल बटण दाबण्याचं प्रशिक्षण

आमच्या धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी येतात. मी आणि माझी धाकटी जाऊ त्या मशीनला लावतो. दोन गरम रोलर चादर आत ओढतात आणि पलीकडे कडक इस्त्री करून सोडतात. चुकून बोटं गेली तर त्यांनाही तीच इस्त्री.

पूर्वी नवीन बाईला मशीनपाशी उभं करून शिकवायचे. मग वरच्यांच्या डोक्यात आलं, कामगारांना सक्षम करायचं, तेही घरबसल्या, फोनवरून. घरी बसणार होते शिकवणारे सर; आम्ही आपल्या उभ्याच. काम थांबवायचं नव्हतं, म्हणून फोन चादरींच्या गाडीवर टेकवला. परीक्षेत पास झालं की नोकरी पक्की होणार होती, आणि माझी कधीची लोंबकळत होती.

"आजपासून तुम्हीच मालक," सर म्हणाले. "धोका दिसला की लाल बटण दाबा. कोणालाही विचारत बसू नका."

मला विचारायचं होतं, बटण फक्त माझ्याच बाजूला का, जावेच्या बाजूला का नाही? पण सरांनी सगळ्या मालकांचे आवाज बंद करून ठेवले होते.

तेवढ्यात जाऊ किंचाळली. तिच्या एप्रनची नाडी रोलरमध्ये गेली होती आणि पाठोपाठ तीही ओढली जात होती. मी बटणावर झडपच घातली. मशीन थांबलं, गाडीला धक्का लागून फोन फरशीवर आपटला आणि सर गेले. जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली.

संध्याकाळी कारखान्याच्या साहेबांनी बोलावलं. प्रशिक्षण अर्धवट सोडलं, म्हणून नापास. न विचारता मशीन थांबवलं, म्हणून वर ताकीद.

"पुढच्या वेळी आधी विचारा," साहेब म्हणाले.

अंगाचा तिळपापड झाला. पण नोकरी हवी होती, फेरपरीक्षेला नाव दिलं.

फेरपरीक्षेला सर स्वतः आले, गळ्यात ओळखपत्राची लांबलचक फीत अडकवून. "भीती मनात असते, बाई," असं म्हणत चालू मशीनवर वाकले. फीत चादरीबरोबर रोलरमध्ये शिरली आणि सरांची मान हळूहळू खाली जाऊ लागली.

माझा एक हात बटणावर होता. दुसरा मी शाळेतल्यासारखा वर केला.

"सर, दाबू का?"

"दाबा!"

"साहेबांना विचारून येऊ?"

"अहो बाई, दाबा ना!"

दाबलं. सरांचं नाक रोलरपासून बोटभर अंतरावर थांबलं. जावेने कात्रीने फीत कापली. सरांनी पाणी मागितलं, घाम पुसला, आणि माझ्या नावापुढे शेरा लिहिला: 'निर्णय घ्यायला फार वेळ लावतात. नापास.'

ते गेल्यावर जाऊ चादरीची घडी घालत म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी आधी निवांत चहा पिऊन या. मग दाबा."