पाहुण्यांना वारा लागेल म्हणून

मी एक जुना डीप फ्रीजर आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर रागावलो आहे. माझी गोष्ट गोड नाही. ऐकायची तर ऐका.

नोवी साद शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी तरुणपणी आलो. उणे ऐंशी अंशांची थंडी पोटात धरून ठेवायची, हे माझं काम. त्यासाठी गरम हवा पाठीतून बाहेर टाकावी लागते, म्हणून मला उघडी खिडकी हवी. आणि आमच्याकडची माणसं झुळकीला जेवढी भितात तेवढी लांडग्यालाही भीत नाहीत. वारा लागला की मान धरते, कान ठणकतो, हे त्यांना आईनं दुधाबरोबरच पाजलेलं असतं.

डॉक्टर देसांका तेवढ्या निराळ्या. जानेवारीतही माझ्यामागची खिडकी उघडी ठेवून, मफलर गुंडाळून काम करायच्या. सफाईवाल्या युलकामावशी म्हणायच्या, "देसा, मरशील गं या वाऱ्यानं."

"मरू दे मला. याला श्वास घेऊ दे."

माझ्या पोटात एकवीस मुलांच्या पेशी होत्या. त्यांना झालेल्या दुर्मीळ रक्तविकारावर त्याच पेशींतून औषध शोधायचं होतं. त्यातली चार मुलं पुढे दगावली. त्यांपैकी उग्ल्येशाची आई दर वर्षी त्याच्या वाढदिवशी यायची, माझ्या दाराला कान लावायची आणि माझी गुणगुण ऐकून निमूट परत जायची.

औषधाचा माग लागला. देसांकाबाईंनी नोकरी सोडली, बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात स्वतःची कंपनी काढली. मलाही नेलं, मावशींनाही नेलं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू बाईंचा पांढरा कोट सुटला. माझ्या पाठीवरची धूळ पुसायला कुणाला वेळ मिळेना. मावशी त्यांना 'डायरेक्टरबाई' म्हणू लागल्या.

जुलैत कंपनीच्या संतांचा सण आला; आमच्याकडे घराला असतात तसे कंपनीलाही रक्षणकर्ते संत असतात. आमचे संत म्हणजे पैसे न घेता रोगी बरे करणारे दोघे वैद्य भाऊ. शुक्रवार होता, उकाडा मी म्हणत होता. कंपनीत भांडवल घालणारे पाहुणे आले होते. त्यांतल्या एकानं नुसती मान चोळली आणि बाईंनी स्वतःच्या हातानं माझ्यामागची खिडकी लावली. मी तापलो. घंटा वाजवली. तेव्हा धर्मगुरू सणाचा पाव कापत होते.

बाई हसून म्हणाल्या, "म्हातारा कुरकुरतोय. पाव कापून होईपर्यंत वायर काढा त्याची."

मावशींनी वायर काढली. ती पुन्हा जोडायचं कुणालाच सुचलं नाही.

सोमवारी दार उघडलं तेव्हा पेशींच्या सगळ्या नळ्या कोमट झाल्या होत्या. बाई फरशीवरच बसल्या. मावशींनी जाऊन खिडकी उघडली आणि कितीतरी वर्षांनी त्यांना नावानं हाक मारली.

"देसा, तू तर वाऱ्याला भीत नव्हतीस गं."

मला भंगारात काढणार आहेत. खुशाल काढा. मित्रांनो, माझी दया नको. पण ज्याच्या पोटात कुणाचं तरी मूल आहे, त्याची घंटा वाजली की हातातला घास टाकून उठत जा.

गुरुवारी उग्ल्येशाचा वाढदिवस आहे. त्याची आई येईल आणि माझ्या दाराला कान लावेल.