शेवटून पहिली

पीटीच्या सरांची बायको धावते म्हटल्यावर लोकांना वाटतं, सरांनीच शिकवलं असणार. कसलं काय! तिला पहिल्यांदा ट्रॅक पँटमध्ये पाहिलं तेव्हा मी "कुठल्या मोहिमेवर?" म्हणून खो खो हसलो होतो. दाताच्या डॉक्टरकडे दिवसभर काउंटरवर बसून तिची साखर वाढली, म्हणून आधी चालायला लागली आणि मग धावायला. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. अर्ध्या मॅरेथॉनला नाव नोंदवून आली आणि हॉलमध्ये माझ्या शाळेच्या ढाली लावल्यात त्यांच्या शेजारी स्वतः खिळा ठोकून मोकळी झाली.

"इथे माझं पदक," म्हणाली. "वेळेत पोचलं तरच देतात. गेट बंद झालं की संपलं. आणि तुम्ही यायचं बरं का."

"येईन की. न यायला काय झालं?"

म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी बसने शहरात जाऊन उतरलो. लॉजची खोली एवढीशी, दोन खाटा आणि मध्ये एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीला तिने टी-शर्ट अडकवला, त्यावर नंबराचा कागद पिनांनी लावला आणि तो सरळ आहे की नाही हे मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी वैतागून म्हणालो, "अगं, कागद नाही धावणार, तुला धावायचंय."

चष्म्यावर घाम येतो म्हणून ती बिनचष्म्याची धावते. मग तिला ना घड्याळ दिसतं, ना रस्त्याच्या कडेचं माणूस. त्यावर मी तोडगा काढला होता. शर्यतीचा शेवटचा टप्पा जिथे सुरू होतो त्या मोठ्या पुलाच्या पायथ्याशी मी उभा राहणार. एक लांब शिट्टी म्हणजे वेळ आहे, दमाने ये. दोन छोट्या म्हणजे उचल पाय, गेट बंद होतंय.

"आणि वाजलीच नाही तर?"

"जन्म गेला माझा शिट्टी वाजवण्यात! वाजणार नाही म्हणजे काय? मी मेलो तरच वाजणार नाही."

"भलतंसलतं बोलू नका हो," ती म्हणाली.

सकाळी मी निळी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पुलाशी हजर. चहाची टपरी होती, बाकडं होतं, सगळं झकास. जोरात धावणारे केव्हाच पुढे गेले होते. मागून येणारे आता तुरळक झाले होते, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "सर!"

माझा जुना विद्यार्थी. खरं नाव आठवेना, पण टोपणनाव मीच ठेवलेलं: ढकलगाडी. मी आधी दुसऱ्या गावच्या शाळेत होतो तिथला. तेव्हा प्रत्येक शर्यतीत हा शेवटी यायचा. आता चांगला तिशीतला बाप्या, कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब, छोटी शर्यत संपवून गळ्यात पदक मिरवत आलेला.

"सर, तुमची ढकलगाडी स्वतःच्या इंजिनावर चालायला लागली!" त्याने मला मिठीच मारली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने चहा सांगितला. "आणि सर, तुमचा तो डायलॉग आम्ही अजून मारतो. 'शेवटून पहिला नंबर! टाळ्या वाजवा रे याच्यासाठी!' सगळा वर्ग माझ्यासाठी टाळ्या वाजवायचा."

तो हसला म्हणून मीही हसलो.

"तुमच्याकडचं कोणी धावतंय का, सर? मुलगा? जावई?"

"छे रे. आपला सहज आलो, लवकर उठायची सवय."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. खरं सांगायचं तर देवाला कशाला, मलाच माहीत आहे. बायको पहिल्या घोळक्यात असती तर मी याची मान धरून दाखवली असती, बघ, ही माझी बायको! पण आता येत होते ते सगळे रखडलेले. आणि मी पडलो ढाली जिंकणारा सर.

मग ती आली. तोंड लालबुंद, एक पाय ओढत, टी-शर्ट पोटावर चढलेला. तिच्या मागे अँब्युलन्स, आणि अँब्युलन्सच्या मागे रस्त्यावरचे अडथळे उचलत येणारा टेम्पो. मधे दुसरं कोणी नाही.

ढकलगाडीने मला कोपर मारलं. "सर, बघा बघा! शेवटून पहिली!" आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी काय करावं? सांगायला जीभ रेटत नाही. मी हसलो. त्याच्याबरोबर टाळ्याही वाजवल्या.

घड्याळ पाहिलं. पाय उचलले असते तर अजून वेळ होता. दोन छोट्या शिट्ट्या, बस्स. शिट्टी छातीवर लोंबत होती. मी ती शर्टाच्या आत सारली.

पुलाच्या पायथ्याशी येऊन ती थांबली. कान देऊन उभी राहिली. इकडे वळली, तिकडे वळली. मला वाटलं, आता निघेल. कसली निघते! पाण्याच्या टेबलावरच्या बाईला जाऊन विचारायला लागली, "निळी टोपी घातलेले गृहस्थ होते का हो इथे? कोणाला चक्करबिक्कर आली का?" मग उलटी फिरून अँब्युलन्सकडे गेली आणि आत डोकावून आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाच लपून बसला होता. मी टोपी काढली आणि बाकड्याखाली टाकली.

शेवटी ढकलगाडीच धावत गेला. "काकू, काय झालं?"

"माझे मिस्टर इथे उभे राहणार होते. शिट्टी वाजली नाही. काही झालं तर नसेल ना त्यांना?"

"पुढे गेले असतील. तुम्ही धावा काकू, गेट बंद होईल!" तिच्या दंडाला धरून तो पुलाच्या चढावर तिच्याबरोबर धावला. घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, "बिचारी! काय एकेकाचा नवरा असतो, सर."

"हं," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी आडरस्त्याने शेवटच्या गेटाशी पोचलो. गेट बंद झालं होतं, माणसं कापडी कमान गुंडाळत होती. ती कठड्याच्या बाहेर उभी होती. मी हाक मारली तशी आवाजाच्या रोखाने लंगडत धावत आली, माझ्या कपाळाला हात लावला.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"पोट बिघडलं होतं," मी म्हणालो. "तिकडे अडकलो."

"तरी मला वाटलंच! चेहरा बघा कसा उतरलाय." तिने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. एवढं अंतर तुडवून आलेली ती, टाचेला रक्त आलेलं, आणि पिशवी तिच्या खांद्यावर. मी देऊन टाकली. वाटेत लेकीचा फोन आला. "नाही गं मिळालं पदक. बाबांना बरं नव्हतं, मी शोधत बसले. जाऊ दे, माणूस महत्त्वाचा." धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

बसस्टँडवर तिने मला खुर्चीत बसवलं, चष्मा लावला आणि मीठ-साखरेचं पाणी करून आणलं. मला काहीही झालेलं नसताना मी ते घोट घोट पीत होतो. ती पिशवी मधे ठेवून पलीकडच्या खुर्चीत टेकते न टेकते, तोच समोर ढकलगाडी.

"काकू! सापडले का तुमचे मिस्टर?" मग त्याने मला पाहिलं. "अरे, सर! तुम्ही पण याच बसला? सर, याच त्या सकाळच्या काकू. आपण चहा पीत होतो तेव्हा समोर शोधत नव्हत्या का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काउंटरवर बसणारी बाई, तिला कुठलीच गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. मला वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी काढेल. काढावी, असंच वाटलं.

"नाही बाळा," ती म्हणाली. "अजून नाही सापडले."

"मग एकट्याच जाणार? सर आहेत ना, ते बघतील तुमच्याकडे. काय सर?"

"नको, नको." तिने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "सरांना कशाला त्रास?"

सगळं गाव मला सर म्हणतं, ती कधी म्हणाली नव्हती. माझ्याच विद्यार्थ्यासमोर ती माझी अब्रू झाकत होती, आणि अजूनही गप्प बसलो असतो तर झाकली गेलीही असती. मी उठलो.

"अरे, ही माझी बायको आहे."

ढकलगाडी खदखदून हसला. सरांना थट्टा करायची सवय आहे, हे त्याला माहीत होतं. "काय सर, तुम्ही पण!" म्हणाला आणि टाळी घ्यायला हात पुढे केला. मी हात दिला नाही. तिने चष्मा काढून अंगातल्या त्या नंबर लावलेल्या टी-शर्टानेच डोळे पुसले, तेव्हा कुठे त्याचं हसणं थांबलं.