संगणकातली सावली

तळोद्याच्या कापड गल्लीत सकाळीच जत्रा भरली होती. संगणकबाबा चंपालालांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची बाधा उतरवणार होते! तो बंद नव्हता, पण सुरू केला की कोरा दिसायचा. दुकानाचं सगळं काम गायब. बाबांनी हात लावला की परत हजर.

"सी ड्राइव्हमध्ये विधवेची सावली बसलीय," बाबा गरजले. "ॐ रीस्टार्टाय नमः!" लोकांनी माना डोलावल्या.

ती विधवा म्हणजे मी, नेहल. नवरा श्रेणिक गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते. बाबांची दानपेटी मी दुकानात ठेवू दिली नाही, त्याचा हा सूड. सासरे चंपालाल रडवेले झाले. "बींदणी, उद्या माहेरी जा. दुकान वाचू दे."

माझं घर, माझं काम, सगळं एका ठगाच्या बोटावर! याचं तोंड चारचौघांत काळं करायचंच, असं मी ठरवलं.

आमच्याकडे रिवाज आहे. पूर्वी वही उघडताना आणि आता कॉम्प्युटर सुरू होताना, पडदा उजळेपर्यंत सगळे हात जोडून डोळे मिटतात. मीही मिटायची. काल बाबांनी यंत्र सुरू केलं तेव्हा मी रागाच्या भरात उघडे ठेवले आणि सगळं दिसलं.

"आज कोणी डोळे मिटायचे नाहीत," मी म्हटलं.

"पापिणी, पडदा फुटेल!" बाबा चपापले.

"फुटू द्या. गजराबाई, या पुढे." ब्राह्मणपुरीच्या गजराबाई म्हणजे बाबांची पहिली भक्तीण. मी यंत्र सुरू केलं. पडद्यावर दोन नावं आली. "खालच्या बाणाची कळ दाबा, मग ही मोठी."

दुकानाचं सगळं काम समोर आलं.

"माय वं! मन्हा हाततून बी जादू व्हयनी!" गजराबाई ओरडल्या.

"जादू कसली? एका यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येतात. अभिषेकाला म्हणून यांनी कॉम्प्युटर मठात नेला आणि दुसरी, कोरी बसवली. सुरू होताना यंत्र क्षणभर विचारतं, कोणती हवी? कोणी बोललं नाही तर कोरी उघडते. आपण डोळे मिटतो, बाबा बोट चालवतात."

बाबा पायाशी आले. "बेटी, माफ कर."

"नाही." मी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत बाबांना मंत्रासकट यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करायला लावलं. गल्ली पोट धरून हसली. माझं समाधान तरीही झालं नव्हतं.

सासऱ्यांनी मान खाली घातली. "बींदणी, गल्ल्यावर बस." मी यंत्र सुरू करताच सवयीने हात जोडून त्यांनी डोळे मिटले.

"बाबूजी, डोळे उघडा," मी म्हटलं. "हात हवे तितके जोडा. पण डोळे मिटण्याआधी शेजारच्याचं बोट कुठे आहे, ते बघा."