सरकीची रांग

सोमवारी दुपारी शेजारच्या महादेवरावांची सून गीताबाई आमच्या ओसरीवर आली आणि खांबाला धरून उभीच राहिली. तिची चार वर्षांची कोकिळा बोलत नव्हती. दीड वर्षाची असताना ‘आई’, ‘भाकर’ असे तीन-चार शब्द आले होते, पुढे तेही गेले. कानाशी ताट वाजवलं तरी ती वळत नसे, पण आतल्या खोलीत मूठभर सरकी सांडली की धावत जाई. म्हणजे बहिरी नव्हती. महादेवरावांचं म्हणणं, पोरीच्या डोक्यात वारं भरलंय. येत्या शनिवारी, अमावास्येला, टाळूवर बिब्ब्याचा डाग द्यायचा त्यांनी ठरवलं होतं. बैलांना डाग देणारा कडूबा त्या सकाळी येणार होता. गीताबाईचा नवरा खामगावला कापसाच्या जिनात कामाला, तो बापापुढे बोलणारा नव्हता.

“मास्तर, मामंजी म्हनतेत, बोलली तर डाग नाही. तिले शनवारपरेंत एक शबूद शिकवा,” ती म्हणाली.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यात मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. माझा धीर सुटला असं कधी झालं नव्हतं. पण हे पाच दिवस मला बसू देईनात. जेवताना बोटांवर दिवस मोजत होतो.

मंगळवारी त्यांच्या घरी जाऊन मी कोकिळेला समोर बसवलं, हनुवटीखाली बोट ठेवून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि ‘आ’ म्हणालो. शाळेत असंच करत आलो होतो. तिने मान झटकली. मी पुन्हा वळवलं. ती अशी किंचाळली, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मग ती कपाळ चौकटीवर आपटू लागली. गीताबाईने मधे हात घातला, तो सोलला. बुधवारीही मी तेच केलं. आज त्याची लाज वाटते. अमावास्येच्या घाईत मी पोरीकडे पाहिलंच नव्हतं.

गुरुवारी दमून भिंतीशी टेकलो, तेव्हा पाहिलं. ती पडवीत सरकीची रांग लावत होती, प्रत्येक दाण्याचं टोक उंबऱ्याकडे. मी तिच्याकडे न पाहता शेजारी बसलो आणि एक दाणा उलटा ठेवला. तिने तो फिरवला. मी दुसरा ठेवला, नीट. तिने तो राहू दिला. मग मी दाणे देत गेलो, ती लावत गेली. एकदा मी मुद्दाम थांबलो. जरा वेळाने तिने माझं मनगट पकडलं आणि माझा हात ढिगावर नेऊन ठेवला. तोंडाकडे पाहिलं नाही. पण मागितलं माझ्याकडेच. शुक्रवारी तिने असं नऊ वेळा केलं. शब्द मात्र एकही नाही.

शनिवारी सकाळी मी महादेवरावांना ते सांगितलं.

“हात ओढनं म्हनजे बोलनं होय का, मास्तर?”

मी म्हणालो, सुरुवात आहे. ते हसले आणि वाऱ्यानं पोरीचं डोकं केवढं वाढलंय ते बघा म्हणाले. तेव्हा गीताबाई उठून आत गेली आणि पेटीतली टोपडी घेऊन आली. पोर चैत्रात जन्मलेली. बारशाचं माहेरचं टोपडं दिवाळीपर्यंत पुरावं म्हणून सैल शिवतात. ते आखाडातच बसेना. पोळ्याला दुसरं शिवावं लागलं, दिवाळीला तिसरं. पुढचं मात्र दोन वर्षं चाललं.

“तवा तुमीच म्हनले, मोठं डोकं हाय, नात तहशीलदारीन होईन,” गीताबाई खाली पाहत म्हणाली.

महादेवराव टोपडी एकात एक घालून पाहू लागले.

“म्हणजे डोकं पहिल्या वर्षातच वाढलं, ती गप्प झाली त्याच्या आधीपासून आत काहीतरी वेगळं घडत होतं,” मी म्हणालो. “काय, ते मला कळत नाही. पण घराचा पायाच निराळा पडला असेल, तर छपरावरची कवेलू डागून काय होणार?”

मी महादेवरावांच्या धोतराच्या ओच्यात सरकी ओतली आणि गप्प बसायला सांगितलं. कोकिळेची रांग उंबऱ्याच्या आत पोचली होती आणि दाणे संपले होते. ती माझ्यापाशी आली, माझे रिकामे हात उलटून पाहिले. मग तशीच वळली आणि आजाच्या तोंडाकडे न पाहता त्यांचं मनगट धरून ओच्यात दाबलं.

“मले पाहून काऊन नाही राह्यली?” ते हलक्या आवाजात म्हणाले. पण त्यांनी दाणा दिला. मग दुसरा.

त्याच वेळी कडूबा दारात आला. हातात विस्तवाचं घमेलं, कमरेला बिब्ब्यांची पुरचुंडी. त्याने आत पाय उचलला.

“थांब बे,” महादेवराव म्हणाले. “रांग मोडन.”

कडूबा पाय मागे घेऊन अंगणात उभा राहिला. विस्तवावर राख धरली, तेव्हा त्याने विचारलं, मंग पुढच्या अमावास्येले येऊ का? महादेवरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते दाणे देत होते.

मी घरी येऊन पंचांग काढलं. एकोणतीस दिवस होते. पुन्हा बोटांवर मोजू लागलो, मग पंचांग मिटलं आणि सरकीचं गाठोडं घेऊन परत तिकडेच गेलो.