कोरडा पुठ्ठा

आर्व्हिड लुंडेने मोटरहोमच्या पोटाखालचा पुठ्ठा ओढून काढला आणि उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. रात्रभर तो तिथे पसरलेला होता. त्यावर एकही थेंब नव्हता.

"ठणठणीत कोरडा," तो म्हणाला. "बघ."

त्याच्या मुलीने, मारिटने, पुठ्ठा हातात घेतला. एका कोपऱ्यावर थोडी धूळ होती, बाकी काही नाही.

"मग तेल जातं कुठे?"

"तेच तर कळत नाही ना." आर्व्हिड गाडीच्या पायरीवर बसला. पेल्यातला बर्फाचा एक खडा तोंडात टाकून तो कडाकडा चावू लागला. "परवा भरलं, काल भरलं. आज पुन्हा मोजपट्टीला टेकत नाही. आणि दुसरा गिअर पडताना असा दणका देते, कोणी मागून लाथ घालावी तसा."

इंजिनाचं तेल वेगळं. हे गिअरबॉक्सचं, लाल रंगाचं. गाडी गिअर आपले आपण बदलायची, आणि इतकी वर्षं ते तिने कधी चुकवलं नव्हतं. मारिट शाळेत जायला लागली तेव्हापासून ही गाडी या अंगणात उभी होती. दर ऑक्टोबरात आर्व्हिड ती घेऊन डिलन गाव सोडायचा, दक्षिणेला मोनिडा खिंड ओलांडून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जायचा आणि बर्फ वितळलं की परतायचा. आधी मारिटची आई बरोबर असायची. ती गेल्यापासून तो एकटाच जाई.

रेडिओने उद्या रात्री बर्फ पडणार म्हणून सांगितलं होतं. एकदा खिंडीत बर्फ साचलं की ही म्हातारी गाडी तिथे चढणार नव्हती. निघायचं तर उद्या सकाळी, नाहीतर नाहीच.

मारिट मिझूला शहरातून आली होती ती घर बंद करायला, पाणी गोठून फुटू नयेत म्हणून नळ रिकामे करायला. निदान त्याला तसं सांगून. निघण्यापूर्वी तिने तिथल्या एका डॉक्टरांकडे फोन करून त्याच्यासाठी गुरुवारची वेळ मागून ठेवली होती. ते तिने त्याला सांगितलं नव्हतं. कमरेच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलेलं तिने आल्या आल्या पाहिलं होतं. आणि उन्हातही तो जाड कोट काढत नव्हता.

कुंपणापलीकडून शेजारचा हॉलिस आला. हातात कॉफीचे दोन पेले.

"काय, म्हातारीची सेवा संपली नाही का अजून?"

"तू तुझी ती नवी गाडी, ती चकचकीत पेटी सांभाळ. एक बटण रुसलं तर तुला काच खाली करता येत नाही."

"माझी चालते तरी! तुझी नुसती तेल पिते आणि लाथा झाडते. थेट माझी सासू." हॉलिसने पेला पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "हे काय रे? पिठाच्या डब्यात तोंड घातलंस की काय? पांढराफटक पडलायस."

"झोप नाही. हिच्यापायी." आर्व्हिडने टायरवर चापट मारली. मग कोटाच्या खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि दोन अ‍ॅस्पिरिन काळ्या कॉफीबरोबर गिळल्या. गुडघ्यांसाठी. सकाळपासून दुसऱ्यांदा.

मारिटने हॉलिसकडे पाहिलं. हॉलिसने पेल्यात पाहिलं. या भागात माणूस एकदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरणं.

आर्व्हिडने गाडी सुरू केली. मागून पांढरा लोट निघाला, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. ऑक्टोबरातल्या सकाळी डिलनमधली प्रत्येक गाडी, प्रत्येक गाय आणि प्रत्येक माणूस पांढरी वाफच सोडतं.

इंजिन तापल्यावर त्याने गिअरचा दांडा सावकाश सगळ्या घरांतून फिरवून परत जागेवर आणला. चालू गाडीतच तेल मोजायची पट्टी काढली आणि पांढऱ्या कागदावर पुसली.

"वास घे."

मारिटने घेतला.

"करपल्यासारखा येतो?"

"नाही."

"करपलं असतं तर संपलं होतं. आत घासपट्ट्या जळाल्या असत्या. रंग बघ, छान लाल. वास छान. नुसतं कमी होतंय." त्याने पट्टी परत खोचली. "दुखत-खुपत काही नाही तिला."

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

मग तो नळ्यांचे सांधे तपासायला पुन्हा गाडीखाली शिरला. बाहेर फक्त बूट राहिले. पाना वाजला, थांबला, पुन्हा वाजला. नंतर बराच वेळ वाजलाच नाही. मारिट पायरीपाशी उभी राहून त्या बुटांकडे बघत राहिली. एक टाच बाहेरच्या बाजूला कलली होती आणि तशीच होती.

"बाबा?"

ती खाली वाकली.

"बाबा!"

"आहे गं, आहे. विचार करतोय."

दुपारपर्यंत ऊन चांगलं तापलं. हॉलिसने अंगातलं जाकीट काढून कुंपणावर टाकलं. आर्व्हिडच्या बोलण्यात आता आवाज कमी आणि धाप जास्त होती.

"सांधे कोरडे. टाकी बाहेरून कोरडी. सगळं कोरडं," तो म्हणाला. "मारिट, तू मागे उभी राहा. मी परत चालू करतो. काही ठिबकलं तर सांग."

ती मागे गेली. इंजिन घरघरलं आणि पांढरा लोट बाहेर पडला. तो दाट होता. सकाळच्या वाफेसारखा लगेच विरला नाही, कुंपणावरून पुढच्या माळावर सरकत गेला. त्याला तवा तापून लाल झाल्यासारखा वास होता. मारिटच्या दंडावर ऊन लागत होतं. हवेत थंडी उरली नव्हती.

तिला गाड्यांतलं फारसं कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं की हे त्याला सांगितलं तर तो कोडं सोडवील आणि उद्या सकाळी निघेल. न सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पाना वाजत राहील, मग अंधार पडेल, मग बर्फ. मग गुरुवार.

"काही दिसतंय का?" पुढून त्याने विचारलं.

बाजूच्या लांब आरशात तिला तो दिसला. प्रश्न विचारून त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं होतं. डोळे मिटलेले होते. उत्तर यायच्या आत पुन्हा गाडीखाली शिरायची ताकद तो गोळा करत होता.

तिने माळावर गेलेल्या धुराकडे पाहिलं.

"बाबा, धूर अजून येतोय. पांढराच. आता थंडी नाहीये."

इंजिन बंद झालं. मग दार उघडलं आणि तो दिवसभरात पहिल्यांदाच चटकन खाली उतरला. गिअरबॉक्सच्या अंगाला पत्र्याची एक लहान डबी होती. तिथून एक रबरी नळी इंजिनाकडे जात होती. ती त्याने ओढून काढली, आत बोट घातलं आणि बोट बाहेर काढून दोघांना दाखवलं. लाल.

"इंजिन पीत होतं! डबीतला पडदा फाटलाय. इंजिन हवा ओढतं ना, त्याच नळीतून सगळं तेल ओढून जाळत होतं. बाहेर थेंब कसा पडणार?" तो हसला, आणि हसताना त्याला कुंपण धरावं लागलं. "आणि मी रोज कोरडा पुठ्ठा बघून खूश! वाळवंटात असतो तर पहिल्या दिवशी धूर दिसला असता. इथे वाटलं, थंडी आहे."

"म्हणजे मोठं ऑपरेशन?" हॉलिसने विचारलं.

"एक बोल्ट. फक्त एक!"

हॉलिस गावातल्या दुकानातून नवीन डबी घेऊन आला. ती मुठीत मावेल एवढी होती. ऊन कलायच्या आत काम झालं. आर्व्हिड मारिटला शेजारी बसवून नदीकाठच्या रस्त्यावर फेरी मारायला निघाला.

"ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही. तेच ऐकायचं. दुसरा पडला, कळलासुद्धा नाही."

"बाबा, गुरुवारी..."

"गुरुवारी मी कुठे असेन, माहितेय? शेकोटीपाशी. वाळवंटातल्या माझ्या त्या स्वीडिश म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या हातची भयानक कॉफी पीत." त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ कागदासारखे पांढरे होते आणि डोळे आनंदाने भरलेले. "काय म्हणत होतीस?"

मारिटने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"जेवायला काय करू, म्हणत होते."

सकाळी तो उजाडता उजाडता निघाला. फाटकातून बाहेर पडताना त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला उचलतो तसं. तिनेही एक बोट उचललं. लुंडेंच्या घरात निरोप तेवढाच असे.

दुपारी शेरिफच्या माणसाचा फोन आला. लायमा गावाच्या पुढे, खिंडीच्या अलीकडे, गाडी रस्त्याच्या कडेला उभी सापडली होती. गिअरचा दांडा उभ्या गाडीच्या घरात, हातब्रेक ओढलेला, मागचे दिवे लुकलुकत. "फार व्यवस्थित उभी केली होती त्यांनी," तो म्हणाला. जणू त्याने तिला द्यायला तेवढंच शोधून आणलं होतं.

नंतर डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव होत होता. काही आठवडे तरी असावा. बाहेर काही दिसलं नसेल.

मारिटने मान हलवली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

अंत्यविधीनंतर हॉलिस तिला लायमाला घेऊन गेला. गाडी तिथल्या एका गॅरेजच्या अंगणात उभी होती. छतावर बर्फ होतं. हॉलिसने हाताने पुढची काच झाडली आणि बराच वेळ झाडतच राहिला.

"चालवशील ना, पोरी? नाहीतर मी चालवतो, तू माझी पेटी घे."

"चालवेन, हॉलिसकाका."

"चालू कर मग. मागून बघतो."

सीट मागे सरकवलेली होती, त्याच्या पायांच्या मापाने. तिने ती पुढे ओढली नाही. सीटच्या पुढच्या काठावर बसून पाय पोचवले. इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू झालं.

"साफ आहे," मागून हॉलिस ओरडला. "नुसती वाफ. मी पुढे होतो, तू सावकाश ये." त्याच्या बुटांचा आवाज बर्फावरून लांब गेला.

अंगण उतरतं नव्हतं. गाडीचं तोंड दक्षिणेला, खिंडीकडे होतं. घरी न्यायची तर वळवून घ्यावी लागणार होती. तिने हातब्रेक सोडला, दांडा पुढे जायच्या घरात ओढला. गिअर पडला, कळलाही नाही. आणि मग पेट्रोलच्या पेडलवर पाय नसतानाही गाडी आपली आपण पुढे सरकायला बघू लागली. हळू, पण थांबायचं नाव न घेता.

मारिटने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले आणि सगळा भार दिला. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. आवाज मोठा होता. तिला स्वतःलाच तो अनोळखी वाटला. "बाबा, जाऊ नकोस. या हिवाळ्यात माझ्याजवळ राहा."