गुणाजीचा कापडी बूट

कोलशेतच्या गुणाजीचा उजवा पाय उखळाएवढा होता, आणि तो तसा का झाला याची गोष्ट दर माणसागणिक निराळी. कुणाला सांगे, वागळे इस्टेटमध्ये पायावर लेथ मशीन पडलं. पायाला काही झालं नाही, मशीन भंगारात गेलं. कुणाला सांगे, खाडीत मगरीने धरलेला. बिचारीचे दात गेले.

खरं एवढंच, की तो हत्तीपाय होता आणि नेमका जत्रेच्या तोंडावर तापाने फणफणायचा. गावदेवीची पालखी दारावरून जायची, आणि हा शूरवीर गोधडीत दात वाजवत पडलेला.

यंदा पालखीला खांदा द्यायचाच, म्हणून तो दवाखान्यातल्या कांता सिस्टरकडे गेला.

"पाय पूर्वीसारखा बारीक होईल ना?"

"नाही हो काका. वर्षानुवर्षं डास चावून आत जंत गेले, त्यांनी पायातलं पाणी वर जायच्या वाटाच बिघडवल्यात. पण ताप येतो तो बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांमुळे. रोज साबणाने धुवा, कोरडं पुसा, बसताना पाय वर ठेवा. आणि अनवाणी अजिबात नाही."

झालं! पायाचा थाट सुरू झाला. पाय स्टुलावर, गुणाजी जमिनीवर.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे स्वच्छ नव्हतात तुम्ही," बायको तुळसा म्हणाली. पण पालखीला अनवाणी जायची रीत, चामडं तर चालणारच नाही, म्हणून तिनेच जाड कापडाचे, रबरी तळाचे बूट शिवले. डावा बुटासारखा, उजवा उशीच्या अभ्र्यासारखा.

पालखीचे मानकरी अण्णा ते बघून कडाडले, "गुण्या! देवीसमोर पायताण?"

"चामडं नाही अण्णा, कापड आहे. अनवाणी चाललो, जखम झाली, की ताप येतो. हत्तीपाय आहे हा. डासांमुळे झालाय."

एकच हशा उसळला.

"अरे, मगर पटलेली रे! पण डास चावून हत्तीचा पाय? एवढी मोठी थाप?" अण्णांनी डोळे पुसले. "चल, धर खांदा. देवीलाही हसू आलं असेल."

गुणाजीने खांदा दिला, थेट देवळापर्यंत. घरी आल्यावर तुळसा साबण घेऊन उभीच होती.

सकाळी त्याने कपाळाला हात लावला. थंडगार. मनातून तो जरा खट्टूच झाला. आता खरं सांगूनच हशा मिळणार असेल, तर मगरीचं करायचं काय?