फडक्यांची पिशवी

त्या घरात तेलकट भांडं थेट नळाखाली धरणं म्हणजे गुन्हाच होता. बाबांची सगळी नोकरी गटारखात्यात गेलेली. रस्त्यातलं झाकण उघडून ते आत उतरायचे आणि गावभरच्या स्वयंपाकघरांतून वाहून आलेली चरबी, पांढरी, दगडासारखी घट्ट झालेली, पहारीनं फोडून वर पाठवायचे. घरी आले की आधी मागच्या अंगणात आंघोळ, मग चहा. आई म्हणायची, "आपण ओतलेलं तेल जातं कुठं? फिरून ह्यांच्याच हाताला येतं."

म्हणून तिची रीत ठरलेली होती. कढई कोमट असतानाच सुती फडक्यानं पुसून घ्यायची. मग मूठभर कोंडा टाकून घासायची, बटाटे उकडलेलं गरम पाणी फिरवायचं, आणि साबण सगळ्यात शेवटी, तोही नखाएवढा. तेल प्यायलेलं फडकं सकाळी अंगणातल्या शेगडीत पेटवण म्हणून जायचं. त्यावर आंघोळीचं पाणी तापायचं.

फडकी घरातल्याच जुन्या कपड्यांची. लेकीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, बाबांचे बनियन, सगळे शेवटी ओट्याखालच्या कापडी पिशवीत जायचे. टेरिकॉटला तिथं प्रवेश नव्हता. "ते तेल पीत नाही गं, नुसतं इकडचं तिकडे करतं. तुझ्या बाबांना काम सांगावं तसं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे."

बाबांनी जन्मात कप विसळला नव्हता. दिवसभर हात त्याच घाणीत, घरी तरी नकोत, असं आईचं म्हणणं, आणि बाबांची त्याला कधी हरकत नव्हती. हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. ती फसली ती इथंच.

आई गेली तेव्हा आत्या आली आणि तिनं घर हातात घेतलं. बाबांची ही थोरली बहीण. रडणं आवरून झालं की लगेच कपाटं आवरणारी. तिनं आईचे कपडे पलंगावर काढले आणि गाठोडी बांधायला घेतली.

"तो न्हाणीघरात टांगलेला निळा गाऊन पण आण," ती म्हणाली.

"असू दे ना आत्या तो."

"ठेवायचाय कशाला? बाह्या विरल्यात, खिसा उसवलाय. धुतलेलासुद्धा नाही. कपाट रिकामं केलं ना, की माणूस लवकर सावरतं. माझे यजमान गेले तेव्हा मी चपलासुद्धा ठेवल्या नव्हत्या."

"आणि सावरलीस?"

"तोंड चालव तू. आईवरच गेलीस."

आईनं तो गाऊन दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी उतरवला होता. त्याला घाम, कांदा, गुडघ्याला चोळायचा बाम, असा सगळा मिळून एक वास होता. लेकीला त्या घरातलं बाकी काही नको होतं. फोटो फोनमध्ये होते, आवाजही होता. वास कुठंच ठेवता येत नव्हता. पण चांगली नोकरी करणाऱ्या, केस पांढरे होऊ लागलेल्या बाईनं 'मला न धुतलेला गाऊन हवाय' असं आत्यासमोर म्हणायचं तरी कसं? तिनं आत्याची पाठ वळल्यावर तो गुंडाळला आणि ओट्याखालच्या पिशवीत, फडक्यांवर दडपला. आत्या स्वच्छ स्पंजवाली होती, त्या पिशवीला नाक मुरडायची. बाबा तर ओट्याकडे फिरकणारे नव्हतेच. लेक नोकरीच्या गावी परत निघाली त्या दिवशी आत्या ओट्यापासून हलली नाही, तेव्हा गाऊन तिथंच राहिला. राहू दे, लेक मनाशी म्हणाली, बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित आहे.

रजा पुन्हा मिळायला बरेच आठवडे गेले.

ती दुपारी पोचली. आत्या केव्हाच तिच्या घरी गेली होती. बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर पंचा होता आणि आतून फोडणीचा वास येत होता.

"हात धू. बटाटे झालेत, अंडी टाकतो."

"तुम्ही?"

"मग काय उपाशी राहू? अंडं काय, फोडलं की होतं."

अंडी करपली होती. दोघांनी ती तशीच खाल्ली. बाबा बारीक झाले होते, सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली होती. जेवून ते उठले, आणि ती भांडी उचलायच्या आत त्यांनी तवा पुढ्यात ओढला. वाकून पिशवीत हात घातला. बाहेर आला तो निळ्या कापडाचा चौकोन, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा, कडा सरळ कापलेल्या.

तिनं ताटाची कड घट्ट धरली.

"हे फडकं..."

"तिच्या गाऊनचं." बाबा तवा पुसू लागले, कडेकडेनं आत, अगदी आईसारखं. "तुला सांगायचंच होतं. तुझी आत्या होती ना, ती सगळं तेल खुशाल मोरीत. ती गेली आणि पाणी तुंबलं. नळीचं खालचं वळण उघडलं तर आत चरबीचा गोळा. माझ्या घरात. जन्मभर लोकांचे काढले, आणि तुझी आई जिवंत असेपर्यंत इथं एक नाही."

ते थांबले, फडक्याची घडी उलटी केली.

"लाज वाटली मला. फडकी शोधायला पिशवी उघडली, तर वरच हा. अख्खा. तिचा रोजचा. मी तिथं खालीच बसलो. म्हटलं, दवाखान्यात जाताना स्वतःच्या हातानं टाकून गेली. कळलं होतं तिला. बोलली नाही, पण सांगून गेली, की आता तुम्ही करा."

लेकीनं पिशवी पुढे ओढली. जुन्या फडक्यांवर असे दोनच चौकोन उरले होते. एक तिनं नाकाशी नेला. सोड्याचा वास आला, उन्हाचा आला.

"धुतलात?"

"उकळला चांगला. खळ असली की कापड तेल पीत नाही, असं ती म्हणायची ना?"

"बाकीचे?"

"शेगडीत." त्यांनी हातातला चौकोन दाखवला. तो आता काळा होता. "हा उद्या."

तिच्या तोंडाशी शब्द आले होते. बाबा, तो मी ठेवला होता. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर गाऊन परत आला नसता, आणि या माणसाजवळ जे एकच उरलं होतं तेही गेलं असतं. बाबांचे डोळे तव्यावर होते, पण ते घासत नव्हते.

"तुला काही बोलली होती का ती?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, ठेवला त्याबद्दल."

तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

"बोलली होती."

"काय?"

बाबा आता तिच्याकडे बघत होते, दवाखान्यात डॉक्टरकडे बघायचे तसे.

"म्हणाली, मी ठेवीन हो, पण ह्यांना पिशवी कुठं असते तेसुद्धा सापडायचं नाही."

बाबा हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, तो त्यांनी तव्याकडे वळवला.

"सापडली की," ते म्हणाले.